शत्रूचे चित्र, पाहुण्याची नोंद : मलिक अंबराच्या छावणीत कालव्यांच्या देशातला प्रवासी

१.
इ.स. १६१७ च्या अखेरीस दख्खनच्या पठारावर दोन परदेशी माणसे समोरासमोर आली. एक होता हबशी : बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि आता निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर. दुसरा होता डच : जहाज गमावून बसलेला आणि अनोळखी मुलखातून वाट काढणारा व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक. एकाने कोरड्या पठारावरच्या खडकी शहराला नहरीचे पाणी दिले. दुसरा आला होता तळी, कालवे आणि पवनचक्क्यांच्या देशातून. या धाग्यात त्यांच्या भेटीची गोष्ट.

२.
ही भेट महत्त्वाची का? मलिक अंबराविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातला फार मोठा भाग त्याच्या शत्रूंनी लिहिलेला आहे. मोगल दरबाराने त्याच्यावर लिहिले, त्याची चित्रे काढवली, त्याला शिव्याशाप दिले. त्याच्या मुलखातून प्रत्यक्ष प्रवास करून, त्याला डोळ्यांनी पाहून लिहिणारे साक्षीदार फारच थोडे. व्हान डेन ब्रूक त्यांपैकी एक.

३.
आधी भूगोल. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात धामणगाव बढे हे गाव आहे. याच तालुक्यात रोहिणखेड आहे. आज ही साधी खेडी वाटतात; पण येथे अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड आहे. कडेच्या खाली तापी-पूर्णेचे सपाट खोरे, म्हणजे पाईनघाट. वर पठार, म्हणजे बालाघाट. खालून, बुऱ्हाणपूरच्या बाजूने, वर दौलताबादकडे फौज न्यायची तर घाट चढणे भाग होते आणि रोहिणखेडचा घाट हा त्या वाटांपैकी एक होता.

४.
म्हणूनच या छोट्या गावाच्या परिसरात दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखानाला येथे हरवले. पुढे १५९०-९१ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने जमालखान महदवी याचा पराभव करून अहमदनगरची गादी मिळवली. घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती पठाराचे दार. अंबराचे सारे आयुष्य हे दार मोगलांसाठी बंद ठेवण्यात गेले.

५.
अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास इथियोपियात झाला. मूळ नाव चापू. गुलामांच्या व्यापारात तो तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरातून बगदादपर्यंत गेला. तेथल्या धन्याने त्याला शिकवले आणि ‘अंबर’ हे नाव दिले. पुढे तो दख्खनमध्ये आला तो अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी. हा चंगीझखानही हबशीच होता. धनी वारल्यावर अंबर स्वतंत्र झाला, भाडोत्री शिपाई झाला, मग सरदार झाला.

६.
१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला. राज्य संपले असे सर्वांना वाटले. अंबराने निजामशाही घराण्यातला वारस शोधून त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि पुढची पंचवीसेक वर्षे निजामशाहीच्या नावाने राज्य चालवले. मराठा घोडदळ हाताशी धरून त्याने मोगलांच्या अवजड फौजांची रसद तोडली. या युद्धतंत्राला त्या काळी ‘बर्गीगिरी’ म्हणत.

७.
१६१० मध्ये त्याने खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जागा लष्करीदृष्ट्या उत्तम होती : दौलताबादचा किल्ला जवळ, भोवती डोंगर. अडचण एकच. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवरच्या या पठारावर बारमाही मोठी नदी नाही. खाम नदीच्या भरवशावर राजधानी वसवता येत नाही.

८.
अंबराने पाणी जमिनीखाली शोधले. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारी मार्गात झिरपू द्यायचे, त्या भुयाराला अगदी हलका उतार द्यायचा आणि पाणी केवळ स्वतःच्या वजनाने शहरापर्यंत आणायचे, अशी ही योजना. साफसफाईसाठी आणि हवेसाठी जागोजागी उभ्या विहिरींसारखी भोके ठेवली. शहरात आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या नळ्यांतून हौदांकडे जाई. वाटेत दगडी मनोरे उभारले होते. नळीतली कोंडलेली हवा आणि दाब त्यांतून मोकळा होई.

९.
हीच ‘नहर-ए-अंबरी’. ना मोट, ना रहाट, ना बैल. ही विद्या मूळची इराणकडची; तेथे तिला ‘कनात’ म्हणतात. गंमत अशी की, त्याच दशकात अंबराचे कट्टर शत्रू मोगल बुऱ्हाणपुरात हेच करीत होते. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत सातपुड्याचे पाणी भूमिगत भुयारांनी शहरात आणले गेले. तेथला ‘कुंडी भंडारा’ आजही पाहता येतो. रणात एकमेकांचे गळे कापणारी दोन राज्ये पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेत शिकत होती.

१०.
आता दुसऱ्या देशाकडे वळू. त्याच वर्षांत हॉलंडमध्ये नेमके उलटे काम चालले होते. खडकीला पाणी आणायचे होते. हॉलंडला पाणी घालवायचे होते. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या बरोबरीने किंवा खाली. भोवती बांध घालायचे, आतले पाणी पवनचक्क्यांनी उपसून वरच्या कालव्यात टाकायचे आणि ओहोटीच्या वेळी समुद्रात सोडायचे, हा तेथला शतकानुशतकांचा दिनक्रम.

११.
ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला बीम्स्टर नावाचे सुमारे सात हजार हेक्टरांचे तळे होते. शहरातल्या व्यापाऱ्यांनी भांडवल घालून ते कोरडे करायला घेतले. १६१० मध्ये समुद्राचा बांध फुटून केलेले काम पाण्यात गेले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि १६१२ मध्ये चाळीसहून अधिक पवनचक्क्यांच्या बळावर तळ्याचा तळ शेतजमीन झाला. पुढच्याच वर्षी, १६१३ मध्ये, ॲमस्टरडॅमभोवती अर्धवर्तुळाकार मोठ्या कालव्यांची खोदाई सुरू झाली.

१२.
बीम्स्टरमध्ये पैसा घालणाऱ्यांत डर्क व्हान ओस हे नाव अग्रभागी आहे. हाच माणूस १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मसाल्याच्या बेटांकडे जहाजे धाडणारा पैसा आणि तळी कोरडी करणारा पैसा एकाच थैलीतला होता. पुष्कळांनी थोडा थोडा वाटा उचलायचा, जोखीम वाटून घ्यायची, नफाही वाटून घ्यायचा. व्हान डेन ब्रूक हा याच कंपनीचा नोकर.

१३.
त्याचा जन्म १५८५ मध्ये अँटवर्पचा. त्याच वर्षी स्पेनच्या फौजेने ते शहर घेतले आणि हजारो प्रोटेस्टंट कुटुंबे उत्तरेच्या डच प्रांतांत निघून गेली. ॲमस्टरडॅमची पुढची भरभराट बरीचशी या निर्वासितांच्या पैशावर आणि कसबावर उभी आहे. व्हान डेन ब्रूकने तरुणपणी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अंगोलात हस्तिदंताचा व्यापार केला. मग कंपनीच्या चाकरीत तो तांबड्या समुद्राकडे आला. मोखा बंदरात कॉफी चाखून तिची नोंद करणाऱ्या पहिल्या डचांत त्याची गणना होते.

१४.
मोखा हे नाव येथे दुसऱ्यांदा आले. ज्या बंदरात अंबर विकला गेला, त्याच बंदरात काही दशकांनी हा व्यापारी कॉफी पीत होता आणि वखारीची बोलणी करीत होता. अंबर मोखात विकला गेल्याची हकीगत व्हान डेन ब्रूकने स्वतः नोंदवली आहे. आपल्यासमोर बसलेला सत्ताधीश कधी काळी बाजारातला माल होता, हे त्याला भेटीच्या वेळी माहीत होते किंवा लवकरच कळले.

१५.
१६१७ च्या पावसाळ्यात व्हान डेन ब्रूकची जहाजे सुरतेच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळून निकामी झाली. समुद्रात पोर्तुगीज शत्रू, हाताशी जहाज नाही. कंपनीची जुनी वखार होती ती पूर्व किनाऱ्यावर, मछलीपट्टणला. म्हणजे अख्खा दख्खन आडवा ओलांडायचा. आपली माणसे घेऊन तो खुष्कीच्या मार्गाने निघाला. मोगल, निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही अशा राज्यांतून ही वाट जात होती आणि त्यांतली पहिली दोन एकमेकांशी वर्षानुवर्षे झुंजत होती.

१६.
वेळही कशी? १६१६ च्या फेब्रुवारीत बालापूरहून निघालेल्या शाहनवाजखानाने आजच्या जालना जिल्ह्यातील रोषणगावजवळ अंबराचा पराभव केला होता. सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांच्यासारखे मातब्बर सरदार मोगलांना मिळाले होते. विजयी मोगलांनी खडकीत शिरून शहर जाळले. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रम बुऱ्हाणपुरात येऊन बसला आणि अंबराला अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडावा लागला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खुर्रमला ‘शाहजहान’ हा किताब मिळाला.

१७.
म्हणजे व्हान डेन ब्रूक भेटला तो नुकत्याच हरलेल्या, राजधानी जळलेल्या, वयाची सत्तरी गाठत आलेल्या अंबराला. अशा वेळी सशस्त्र परकीयांची टोळी मुलखातून जाऊ देणे हा लहान निर्णय नव्हता. त्यांना लुटता आले असते, अडकवून खंडणी मागता आली असती, मोगलांचे हेर म्हणून मारताही आले असते. अंबराने त्यांना छावणीत भेटीला घेतले, मानाने वागवले आणि पुढे जाऊ दिले.

१८.
पाहुण्याने नजराणा दिला : जपानी तलवार आणि जावाची मौल्यवान क्रिस, म्हणजे नागमोडी पात्याची कट्यार. हा नजराणा म्हणजे कंपनीच्या पसाऱ्याचा नकाशाच होता. १६०३ पासून जावात बांतमला तिची वखार होती, १६०९ पासून जपानात हिरादोला. तेथली पोलादी पाती खडकीच्या परिसरात एका हबशी सेनापतीच्या हाती पडली. त्या काळचे जग आपल्याला वाटते त्याहून बरेच जवळजवळ होते.

१९.
व्हान डेन ब्रूकने अंबराचे वर्णन लिहून ठेवले. उंच, बळकट, करारी, रोमन धाटणीचा चेहरा. डोळे मात्र त्याला आवडले नाहीत. राज्यकारभाराविषयी तो म्हणतो त्याचा आशय असा : लोकांत या माणसाविषयी प्रेम व आदर आहे, शासन चोख आहे, चोरांना कडक शिक्षा होते आणि सोने घेऊनही या मुलखातून निर्धास्त फिरता येते. दारू पिऊन झिंगणाऱ्याच्या घशात तापलेले शिसे ओतले जाते, हेही तो नोंदवतो. ही व्यवस्था भीतीवरही उभी होती, हे त्याने लपवले नाही.

२०.
आता शत्रूचे चित्र पाहा. १६१६ च्या सुमारास जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. असे कधीच घडले नाही. जहांगीरने अंबराला जन्मात प्रत्यक्ष रणात गाठले नाही. जे तलवारीला जमले नाही ते कुंचल्याकडून करून घेतलेले आहे. बादशहाच्या आत्मवृत्तातही अंबराचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून हिणवत येतो.

२१.
एकाच काळातल्या या दोन साक्षी. राजवाड्यात बसून काढलेल्या चित्रात अंबर एक मुंडके आहे. वाटेने चालत आलेल्या पाहुण्याच्या नोंदीत तो मुलूख सुरक्षित ठेवणारा राज्यकर्ता आहे. पाहुणाही निःस्वार्थी नव्हता. त्याला वाट हवी होती, पुढे व्यापार हवा होता. पण वाट चालणाऱ्याला एक गोष्ट खोटी लिहिता येत नाही : रात्री तो लुटला गेला की नाही. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारावा तो हा की, त्याने हे कुठे उभे राहून पाहिले?

२२.
या भेटीला मैत्री म्हणावे का? व्हान डेन ब्रूकच्या पुढच्या आयुष्यातला एक प्रसंग येथे तुलनेला उपयोगी पडतो. १६१९ च्या आरंभी तो जावातल्या जकार्ताच्या डच कोटाचा प्रमुख होता. वेढा पडला, तह ठरला, तेथल्या राजाच्या निमंत्रणावरून तो भेटीला बाहेर पडला आणि कैद झाला. कंपनीच्या ताफ्याने येऊन शहर जिंकले तेव्हा त्याची सुटका झाली. त्या शहराचे बटाव्हिया झाले. दोन वर्षांच्या आत त्याने दोन यजमान पाहिले. एकाने त्याला वाट दिली, दुसऱ्याने बेड्या.

२३.
पण जकार्ताच्या राजाला दोष देण्यापूर्वी पाहुण्याची कंपनीही पाहायला हवी. तिने १६२१ मध्ये जायफळाच्या व्यापारासाठी बांदा बेटांवरच्या लोकांची कत्तल केली, उरलेल्यांना गुलाम केले. बटाव्हिया आणि पुढे आफ्रिकेच्या टोकावरची तिची वसाहत गुलामांच्या श्रमावर चालली. एकेकाळच्या गुलामाने ज्या कंपनीच्या माणसाला पाहुणा म्हणून वागवले, ती कंपनी पुढे हिंदी महासागरातली मोठी गुलामधारक संस्था झाली. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठची देखणी घरे पाहताना हा हिशेब विसरता येत नाही.

२४.
व्हान डेन ब्रूक १६२० पासून काही वर्षे सुरतेच्या डच वखारीचा प्रमुख होता. १६३४ मध्ये त्याची प्रवासटिपणे हार्लेम येथे छापली गेली. त्याच सुमारास फ्रान्स हाल्स या थोर चित्रकाराने त्याचे व्यक्तिचित्र काढले. ते आज लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. १६४० मध्ये मलाक्काच्या वेढ्यात तो वारला. कंपनीने मधल्या काळात, १६३७ मध्ये, आदिलशाहीच्या परवानगीने कोकणात वेंगुर्ल्यालाही वखार घातली होती.

२५.
अंबर पुन्हा उभा राहिला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. लढाईआधी तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवल्याची हकीगत प्रसिद्धच आहे. पाण्याची जाण रणातही कामी आली. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकार मुतमदखान यानेही लिहिले की, सेनापतित्वात आणि कारभारात त्याला तोड नव्हती. शत्रूला हे मान्य करायला मरणाची वाट पाहावी लागली.

२६.
नहर मात्र वाहत राहिली. खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले. राज्यकर्ते बदलले, पाणी त्याच उताराने येत राहिले. पुढच्या काळात तिच्या धर्तीवर शहरात आणखी नहरी झाल्या. अठराव्या शतकात अशाच आणलेल्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात पाणचक्की फिरू लागली. तिच्यावर फकीर व यात्रेकरूंसाठी दळण होई. हॉलंडची चक्की वाऱ्यावर फिरून पाणी बाहेर फेकते. येथली पाण्यावर फिरून पीठ देते.

२७.
आणि येथेच दोन देशांतला फरक बोचतो. हॉलंडमध्ये तेराव्या शतकापासून पाणीमंडळे आहेत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने बांधाचा खर्च आणि श्रम द्यायचे. मंडळाचे प्रमुख तपासणी करणार, कसूर झाली तर दंड. राजे आले-गेले, मंडळे राहिली. बीम्स्टर १९९९ पासून आणि ॲमस्टरडॅमचे कालवे २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

२८.
असे शहाणपण आपल्याकडे नव्हतेच, असे मानू नये. खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे गावाने मिळून ठरवायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे, गाळ काढायला सर्वांनी हात लावायचा. ही डच पाणीमंडळांची दख्खनी भावंडेच. जेथे अशी माणसे टिकली तेथे बंधारे टिकले.

२९.
नहर-ए-अंबरीला असे धनी उरले नाहीत. ती दरबाराने बांधली आणि दरबाराने सांभाळली. दरबार गेला, नळाचे पाणी आले आणि भुयार कोणाच्याच नावावर राहिले नाही. आता तिच्या वाटेवर इमारती आहेत, भोके बुजली आहेत, नळ्या फुटल्या आहेत. चारशे वर्षांच्या कामाला शत्रूच्या फौजेने जेवढे मोडले नाही तेवढे बेवारसपणाने मोडले.

३०.
मोताळा तालुक्यातला घाट आज डांबरी रस्त्याने काही मिनिटांत चढता येतो. एकेकाळी या कडेवर राज्यांचे भवितव्य ठरत असे. तेथून बुऱ्हाणपूरला गेल्यास कुंडी भंडारा पाहावा. पठारावर संभाजीनगरला गेल्यास पाणचक्कीच्या हौदाशी थांबून ते पाणी कुठून येई, हे विचारावे. दोन शत्रूंनी एकाच दशकात, एकाच विद्येने पाणी आणले होते. त्यातल्या एका शत्रूला जहांगीरने चित्रात मारले आणि एका वाटसरूने चार ओळींत जिवंत ठेवले.